पाणी शुद्ध करण्याचा आकार कोणीं भरावा ?

शेतकऱ्यास पाण्याची पारख असते असें आपण म्हणतों, व तें खोटेंही नाहीं. पाणी खारें कीं गोडें, मचूळ कीं निवळ, हें तो जिभेवर थेंब पडतांच सांगतो. कोणत्या विहिरीचें पाणी उसास मानवतें आणि कोणतें द्राक्षास बाधतें हें त्यास कोणी पुस्तकांतून शिकविलेलें नसतें. परंतु ज्या दोषास रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं. जो उकळून जात नाहीं, तुरटीनें तळाशीं बसत नाहीं व टी.सी.एल. पावडरीनें मरत नाहीं, त्याच्यापुढें ही पारख लंगडी पडते. असा एक दोष मनुष्यानें गेल्या पाऊणशें वर्षांत स्वतःच्या हातानें निर्माण करून पाण्यांत सोडला आहे. तो पाण्यांतून परत काढण्याचा उद्योग अमेरिकेंतील एका शहराच्या पाणीपुरवठा मंडळानें कसा केला, त्यास काय पडलें, आणि तें कोणाच्या खिशांतून गेलें, याचा हिशेब वाचकांपुढें मांडावा अशा हेतूनें हा लेख लिहीत आहों. शहरच्या नळाची कथा शेतकऱ्यांच्या मासिकांत कशास, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर पुढें ओघानेंच येईल.

या द्रव्यांस रसायनशास्त्रांत पीएफएएस असें आद्याक्षरी नांव आहे. हें एक द्रव्य नव्हे, हजारों द्रव्यांचें कुटुंब होय. कर्ब आणि फ्लोरीन या दोन मूलद्रव्यांची जी सांगड त्यांत असते ती सेंद्रिय रसायनांतील सर्वांत बळकट सांगडींपैकीं एक आहे. तेल, पाणी, उष्णता यांपैकीं कशासही ती दाद देत नाहीं, म्हणूनच कारखानदारांस तीं प्रिय झालीं. न चिकटणारे तवे, पाणी न शोषणारे अंगरखे, तेलकट खाद्य गुंडाळण्याचे कागद, विमानतळावरील आग विझविण्याचा फेंस, असे त्यांचे शेंकडों उपयोग आहेत. परंतु शेण कुजतें, पाला कुजतो, मेलेलें जनावरही चार महिन्यांत मातींत मिळतें. हीं द्रव्यें मात्र कुजत नाहींत. इंग्रजींत त्यांस 'फॉरएव्हर केमिकल्स' म्हणतात, आपण अविनाशी रसायनें म्हणूं. हें विशेषण आपल्याकडे आत्म्यास लावितात. तें कारखान्याच्या सांडपाण्यास लावण्याची पाळी यावी, हा काळाचा महिमा.

यांचा अपाय प्रथम कोणाच्या ध्यानांत आला तें सांगितलेंच पाहिजे, कारण तें श्रेय आपल्याच धंद्यांतील एका मनुष्याचें आहे. पश्चिम व्हर्जिनिया संस्थानांत पार्कर्सबर्ग गांवाजवळ विल्बर टेनंट नांवाचा एक गोपालक होता. त्याच्या कुटुंबानें कांहीं जमीन ड्युपाँ कंपनीस विकली होती, व कंपनीनें तेथें आपल्या कारखान्याचा कचरा पुरण्याची जागा केली. त्या जागेवरून वाहणाऱ्या ओढ्याचें पाणी पिऊन त्याचीं गुरें वाळूं लागलीं, त्यांचे दांत काळे पडूं लागले, वासरें मरूं लागलीं. जवळपास कोणी दाद देईना. तेव्हां त्यानें आजारी व मेलेल्या जनावरांचें स्वतः चित्रण करून ठेविलें, आणि १९९८ सालीं रॉबर्ट बिलॉट नांवाच्या वकिलास गांठलें. १९९९ मध्यें दावा लागला. त्या दाव्याच्या कागदपत्रांतून पीएफओए या द्रव्याचें नांव बाहेर पडलें. पुढें त्या टापूंतील सुमारें सत्तर हजार लोकांच्या रक्ताची व प्रकृतीची पाहणी झाली, आणि २०१२ पर्यंत शास्त्रज्ञांच्या मंडळानें सहा विकारांशीं त्याचा संबंध संभवनीय ठरविला. त्यांत मूत्रपिंडाचा व वृषणाचा कर्करोग आणि कंठग्रंथीचा विकार हे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनें २०२३ च्या अखेरीस या द्रव्यास मनुष्यांत कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गांत घातलें. ज्यास रसायनाचा गंध नव्हता अशा मनुष्यानें गोठ्याकडे पाहून जें ओळखलें, तें प्रयोगशाळांनीं व सरकारांनीं कबूल करावयास पंचवीस वर्षें लागलीं !

आतां मोजमापाविषयीं थोडें, कारण त्यावांचून पुढचे आंकडे पोकळ वाटतील. हीं द्रव्यें लिटरास किती नॅनोग्रॅम अशा मापानें मोजतात. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटिवा हिस्सा. हें माप डोळ्यांपुढें उभें राहत नाहीं, म्हणून आपल्या परिचयाचा टीएमसी घेऊं. एक टीएमसी म्हणजे सुमारें २,८३२ कोटि लिटर पाणी. त्यांत अवघें २८ ग्रॅम द्रव्य विरघळलें, म्हणजे पावशेराचाही फार लहान अंश, कीं लिटरास एक नॅनोग्रॅम झालें. अमेरिकेच्या मध्यवर्ती पर्यावरण खात्यानें २०२४ च्या एप्रिलांत पीएफओए या द्रव्यास लिटरामागें चार नॅनोग्रॅमची कमाल मर्यादा घातली. या हिशेबानें कोयनेच्या १०५ टीएमसी जलाशयांत बारा किलो पडलें तर सारा जलाशय त्या मर्यादेस पोंचला. बारा किलो म्हणजे बाजारच्या पिशवींत मावेल एवढें ओझें. इतक्या थोडक्यासाठीं एवढा गहजब कशास, असें ज्यास वाटत असेल त्यानें हें ध्यानांत घ्यावें कीं, हीं द्रव्यें शरीरांतून लवकर बाहेर पडत नाहींत. कित्येकांचें रक्तांतील प्रमाण निम्म्यावर यावयास वर्षें लागतात, व तोंवर रोजचा घोट त्यांत भर घालीतच असतो.

उत्तर कॅरोलिना संस्थानांत केप फिअर नदीच्या कांठीं, समुद्राजवळ, विल्मिंग्टन हें शहर आहे. तेथील व आसपासच्या सुमारें दोन लक्ष लोकांस केप फिअर पब्लिक युटिलिटी ऑथॉरिटी हें सार्वजनिक मंडळ पाणी पुरवितें. हें मंडळ २००८ सालीं कामास लागलें. पाणी नदीचें. त्याच नदीच्या वरच्या अंगास, शहरापासून सुमारें शंभर मैलांवर, फेयेटव्हिलजवळ ड्युपाँ कंपनीचा रासायनिक कारखाना होता. २०१५ मध्यें तो तिच्यांतून फुटून निघालेल्या केमूर्स कंपनीकडे आला. पीएफओएची बदनामी झाल्यावर त्याच्या जागीं जेनएक्स नांवाचें दुसरें द्रव्य २००९ पासून पुढें करण्यांत आलें. जुन्याहून हें बरें, असें सांगण्यांत येत होतें. प्रत्यक्षांत तेंच द्रव्य दुसऱ्या एका उत्पादनाचा उपपदार्थ म्हणून १९८० पासून नदींत जात होतें, हें कंपनीस मागाहून कबूल करावें लागलें.

नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाचे प्राध्यापक डेटलेफ क्नापे आणि सरकारी खात्याचे संशोधक यांनीं या नदीचें पाणी तपासून २०१६ च्या नोव्हेंबरांत निबंध प्रसिद्ध केला. शहराच्या पाण्यासाठीं नदी जेथें उपसतात तेथें २०१३ मध्यें जेनएक्सचें सरासरी प्रमाण लिटरास ६३१ नॅनोग्रॅम सांपडलें होतें. आमच्या टीएमसीच्या हिशेबानें हें एका टीएमसींत जवळजवळ अठरा किलो होतें. मंडळाच्या नोकरवर्गास या निबंधाची वार्ता तेव्हांच होती; पाणी पिणाऱ्या लोकांस ती कळली २०१७ च्या जूनांत, आणि तीही स्थानिक वर्तमानपत्रानें छापली म्हणून. येथें आम्हांस मंडळाचा पक्ष घेतां येत नाहीं. पाणी बिघडविलें दुसऱ्यानें हें खरें. परंतु ज्याच्या हातांत लोकांचा घडा आहे त्यानें सात महिने गप्प बसावें हें गैर होय. लोक चिडले, सभा भरल्या, कंपनीनें तें सांडपाणी नदींत सोडणें थांबविण्याचें कबूल केलें, आणि नदींतील जेनएक्सचें प्रमाण उतरलें. मंडळानें २०१७ च्या ऑक्टोबरांत कंपनीवर संयुक्त सरकारच्या न्यायालयांत दावा लाविला.

उतरलें म्हणजे गेलें नव्हे. नदीच्या गाळांत, कारखान्याखालच्या भूजलांत जें मुरलें होतें तें झिरपतच राहिलें, व जेनएक्सशिवाय त्याचीं डझनावारी भावंडें पाण्यांत होतीं. नोव्हेंबर २०१७ ते मे २०१८ या काळांत विल्मिंग्टनच्या ३४५ रहिवाशांचें रक्त तपासलें तेव्हां गंमत अशी झाली कीं, ज्या जेनएक्सचा एवढा बोभाटा तें कोणाच्याच रक्तांत सांपडलें नाहीं, पण ज्यांचीं नांवेंही पूर्वीं कोणी ऐकलीं नव्हतीं अशीं त्याच कारखान्याचीं दुसरीं द्रव्यें बहुतेकांच्या रक्तांत निघालीं. चोराचें नांव ठाऊक असलें म्हणजे टोळी ठाऊक असते असें नाहीं.

मंडळाचें स्वीनी जलशुद्धीकरण केंद्र कांहीं मागासलेलें नव्हतें. गाळ बसविणें, ओझोन वायू देणें, जीवाणूंच्या साहाय्यानें गाळणें, हें सर्व तेथें होत असे. या द्रव्यांपुढें त्याचा उपयोग झाला नाहीं, कारण तीं सर्व साधनें जीवजंतु व कुजणाऱ्या घाणीसाठीं योजिलेलीं असतात. प्रथम मंडळानें जुन्या गाळण्यांतील कोळसा वारंवार बदलून पाहिला. मग निरनिराळ्या पद्धतींचे लहान प्रमाणावर प्रयोग करून शेवटीं दाणेदार सक्रिय कोळशाच्या आठ खोल गाळण्या नव्यानें बांधण्याचें ठरविलें. २०१९ च्या नोव्हेंबरांत काम सुरू झालें व २०२२ च्या ऑक्टोबरांत गाळण्या चालू झाल्या.

हा कोळसा म्हणजे चुलींतला नव्हे, पण जातीनें त्याचाच भाऊ. दगडी कोळसा किंवा नारळाच्या करवंटीचा कोळसा वाफेनें अतिशय तापविला म्हणजे त्यास अगणित सूक्ष्म छिद्रें पडतात. त्या छिद्रांच्या भिंतींचें क्षेत्र मोजलें तर एका ग्रॅम कोळशांत सुमारें दहा गुंठे जमीन भरते ! मोजणीदाराची सांखळी तेथें चालावयाची नाहीं, परंतु आंकडा खरा आहे. या दहा गुंठ्यांवर अविनाशी द्रव्याचे कण येऊन चिकटतात व पाणी पुढें जातें. विल्मिंग्टनच्या आठ गाळण्यांत असा सुमारें तीस लक्ष पौंड कोळसा आहे. तेराशें टनांहून अधिक, म्हणजे कारखान्यावर जाणाऱ्या उसाच्या ऐंशी-नव्वद ट्रकांएवढा. पाण्यांतील बहुतेक द्रव्यें आतां मोजतां न येण्याइतकीं खालीं येतात.

पण शेतास जशी कूस असते तशी कोळशासही आहे. दहा गुंठे भरले कीं पुढचा कण राहावयास जागा नाहीं. त्यांतून लांब सांखळीचीं द्रव्यें घट्ट बसतात, आंखूड सांखळीचीं लवकर सुटतात. कोळसा वेळेवर बदलला नाहीं तर धरलेलें आंखूड द्रव्य लांबट द्रव्याच्या रेट्यानें पुन्हां पाण्यांत उतरतें. म्हणून एकदां बांधून निश्चिंत व्हावें असें हें काम नाहीं. कोळसा काढावा, तो भट्टींत पुन्हां तापवून आणावा, भरावा, नमुने घ्यावे, पुन्हां काढावा, हें नदींत द्रव्य आहे तोंवर चालावयाचेंच. बांधकामास सुमारें ४ कोटि ३० लक्ष डॉलर पडले, म्हणजे आपल्या नाण्यांत साडेतीनशें कोटींवर. आणि कोळसा बदलण्यास व चालविण्यास मंडळाच्या अंदाजानें पहिल्या वर्षीं सुमारें ३७ लक्ष व पुढें दर वर्षीं ५० लक्ष डॉलर.

शेजारच्या ब्रन्सविक तालुक्यानें दुसरी वाट धरली. त्यानें पाणी दाबानें पडद्यांतून गाळण्याची, जिला आपल्याकडे घरोघर आर.ओ. म्हणतात ती पद्धत पसंत केली. तिच्यांत आंखूड सांखळीचीं द्रव्येंही अडतात, हा गुण. परंतु अडविलेलें सर्व द्रव्य थोड्या पाण्यांत दाट होऊन उरतें, व तें पुन्हां नदीसच द्यावें लागतें. खालच्या गांवानें मग काय करावें ? आपल्याकडे आर.ओ.चें यंत्र भिंतीवर टांगलें म्हणजे घर निर्धास्त झालें असें मानणाऱ्यांनीं त्या यंत्राची दुसरी नळी कोठें सोडली आहे तें एकदां पाहावें. शिवाय गोठ्यांतील म्हशीस दिवसाकाठीं साठ-सत्तर लिटर पाणी लागतें, तिला आर.ओ. कोण लावणार ?

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. हा सारा खर्च भरला कोणीं ? विल्मिंग्टनच्या पाणीपट्टी देणारांनीं. २०१९ च्या फेब्रुवारींत संस्थानचें पर्यावरण खातें, नदीरक्षणासाठीं झटणारी एक लोकसंस्था व कंपनी यांत न्यायालयामार्फत तडजोड झाली. कंपनीस १ कोटि २० लक्ष डॉलर दंड आणि तपासाच्या खर्चाचे आणखी १० लक्ष पडले. हवेंतून जाणारें द्रव्य जाळण्याचें यंत्र बसवावें लागलें. पुढें भूजल नदींत झिरपूं नये म्हणून जमिनींत सुमारें मैलभर लांबीची भिंत घालावी लागली, ती २०२३ मध्यें पुरी झाली. हीं कामें चांगलीं झालीं यांत संशय नाहीं. परंतु पाणीपुरवठा मंडळ त्या तडजोडींत पक्षकार नव्हतें. दंड सरकारच्या तिजोरींत गेला. गाळण्यांचा खर्च, जो त्या दंडाच्या साडेतीन पट, तो विधवेच्या व मजुराच्या पाण्याच्या बिलांत चढला. आमच्या मतें हा जमाखर्च उलटा लिहिला गेला आहे. एकानें बांधावरून नांगर घालून दुसऱ्याची माती ओढली, तर मोजणीची फी माती गमावणारानें भरावी व दंड मात्र कचेरीनें ठेवावा, असा न्याय आपण बांधाच्या तंट्यांत सहन करणार नाहीं. मग पाण्याच्या तंट्यांत तो कां सहन करावा?

यावर असें उत्तर देतात कीं, पाणीपुरवठा थांबवितां येत नाहीं, दावे वर्षानुवर्षें चालतात, तेव्हां आधीं पाणी शुद्ध करा आणि वसुलीचें मग पाहा. पहिली अर्धी गोष्ट आम्हांस पूर्ण मान्य आहे, आणि मंडळानें निकालाची वाट न पाहतां गाळण्या बांधल्या याबद्दल त्याची तारीफच केली पाहिजे. परंतु 'मग पाहूं' या दोन शब्दांत किती थकबाकी बुडते हें ज्यांनीं वसुलीचीं दफ्तरें लिहिलीं त्यांस विचारावें.

सरकारी मर्यादेवर भिस्त ठेवावी म्हटलें तर तीही एके ठिकाणीं उभी नाहीं. २०१७ च्या जुलैंत उत्तर कॅरोलिनाच्या आरोग्य खात्यानें जेनएक्सचे १४० नॅनोग्रॅमपर्यंत चिंता नाहीं असें सांगितलें. २०२२ च्या जूनांत मध्यवर्ती खात्यानें तोच आंकडा १० वर आणला, आणि २०२४ मध्यें त्यास कायद्याचें रूप दिलें. २०२५ च्या मेमध्यें त्याच खात्यानें जाहीर केलें कीं, पीएफओए व पीएफओएस या दोहोंच्या मर्यादा ठेवूं पण त्यांस मुदत २०२९ ऐवजीं २०३१ पर्यंत वाढवूं, आणि जेनएक्स वगैरेंच्या मर्यादा मागें घेऊं. पाणी तेंच, मनुष्याचें पोट तेंच. बदलला तो फक्त कागद. आपल्या देशाची स्थिति याहून सोपी आहे: पिण्याच्या पाण्याचें जें भारतीय मानक २०१२ मध्यें प्रसिद्ध झालें त्यांत या द्रव्यांचें नांवच नाहीं. जें मोजावयाचें नाहीं तें ओलांडलें कसें जाणार ?

शेतकऱ्याचा संबंध येथें सुरू होतो. फेयेटव्हिलच्या कारखान्याच्या धुरांड्यांतून जें द्रव्य हवेंत गेलें तें पावसाबरोबर आसपासच्या रानांत उतरलें व जमिनींतून मुरून हजारों खासगी विहिरींत पोंचलें. त्या विहिरींच्या मालकांनीं कारखान्याचें सांडपाणी कधीं पाहिलेंही नव्हतें. शहरास निदान मंडळ आहे, प्रयोगशाळा आहे, कर्ज काढण्याची ऐपत आहे. एकट्या विहिरीच्या मालकास यांतलें कांहीं नाहीं. दुसरी वाट खताची. मेन संस्थानांत शहरांच्या मैल्याचा व गिरण्यांचा गाळ कित्येक वर्षें फुकट खत म्हणून शेतांवर टाकला जात होता, आणि तोही सरकारच्या परवानगीनें. त्या गाळांत अविनाशी रसायनें होतीं. तीं चाऱ्यांत गेलीं, चाऱ्यांतून दुधांत गेलीं, आणि कांहीं गोपालकांस पिढीजात धंदा मोडावा लागला. २०२२ मध्यें त्या संस्थानानें असा गाळ शेतावर टाकण्यास सरसकट बंदी केली व बाधित शेतकऱ्यांसाठीं ६ कोटि डॉलरचा निधि उभारला. आपल्याकडे मोठ्या शहरांच्या सभोंवतीं मैलापाण्याचा गाळ व कारखान्यांचा चिखल 'सेंद्रिय' म्हणून स्वस्तांत गळ्यांत बांधणारे अडते हिंडत असतात. स्वस्त खत घेण्यापूर्वीं तें कोणत्या गटारांतून आलें हें विचारण्यांत कमीपणा नाहीं.

तिसरा संबंध याहूनही जवळचा आहे. इटलींत व्हेनेटो प्रांतांत, व्हिचेन्झा शहराच्या वरच्या अंगास, त्रिस्सिनो येथें मिटेनी नांवाचा कारखाना हींच द्रव्यें करीत असे. त्याच्या खालीं जो भूजलाचा सांठा होता तो नासला, हें २०१३ मध्यें उघड झालें; सुमारें साडेतीन लक्ष लोकांस त्याची बाधा पोंचली. तेथील पाणीपुरवठा मंडळांनींही कोळशाच्या गाळण्या बसविल्या, व दूरच्या स्वच्छ झऱ्यांहून नळ आणण्याचा खर्च निराळा आला. २०१८ मध्यें कंपनीचें दिवाळें निघालें. २०२५ च्या जूनांत व्हिचेन्झाच्या न्यायालयानें तिच्या अकरा माजी अधिकाऱ्यांस दोषी ठरवून एकूण १४१ वर्षांच्या कैदेच्या शिक्षा सुनावल्या. आणि त्या मोडलेल्या कारखान्याची यंत्रसामग्री ? ती २०१९ मध्यें एका भारतीय कंपनीनें विकत घेतली व आपल्या रत्नागिरी जिल्ह्यांत, खेड तालुक्यांतील लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतींत आणून उभी केली.

यावरून तेथें पाणी बिघडलें असें आम्ही म्हणत नाहीं. तसें म्हणावयास पुरावा लागतो, व पुराव्यावांचून कोणावर बालंट घेणें आमच्या स्वभावांत नाहीं. कारखान्यांचेही आम्ही वैरी नव्हें. आमच्या वाचकांचीं मुलें त्यांत नोकरीस आहेत, आणि एका गुंठ्याचे चार वांटे करून कोणाचें पोट भरत नाहीं हें आम्ही जाणतों. आमचें म्हणणें एवढेंच कीं, त्रिस्सिनोच्या विहिरी बिघडण्यापूर्वीं कोणी तपासल्या नव्हत्या, म्हणून त्या केव्हां व किती बिघडल्या हें ठरवितांना लोकांस चाचपडावें लागलें. जगबुडी व वाशिष्ठी यांच्या कांठच्या, तशाच प्रत्येक औद्योगिक वसाहतीलगतच्या गांवांत ही चूक होऊं देतां कामा नये.

वसुली अशक्य असते असेंही नाहीं, उशीर मात्र होतो. राजस्थानांत उदयपूरजवळच्या बिछडी गांवीं १९८८ च्या सुमारास रंगाच्या धंद्यास लागणारें एक आम्ल करणारे कारखाने निघाले. त्यांच्या विषारी चिखलानें भोंवतालच्या विहिरी अशा नासल्या कीं, तें पाणी माणसांस, गुरांस व पिकांस, तिघांसही निरुपयोगी झालें. सर्वोच्च न्यायालयानें १९९६ च्या निकालांत स्पष्ट सांगितलें कीं, ज्यानें बिघडविलें त्यानेंच दुरुस्तीचा खर्च भरावा. तरी पैसा निघेना. २०११ मध्यें त्याच न्यायालयास पुन्हां ठणकावून ३७ कोटि ३८ लक्षांवर रकमेची, १९९७ पासून चक्रवाढ व्याजासह, आज्ञा करावी लागली. म्हणजे तत्त्व १९९६ मध्यें मिळालें, आणि पैशासाठीं पंधरा वर्षांनीं पुन्हां हुकूम !

यास्तव आमच्या दोन सूचना आहेत. जो कारखाना अविनाशी रसायनें करतो किंवा वापरतो त्यास परवाना देतांना, बिघाड झाल्यास कोळशाच्या गाळण्या किंवा दुसरें पाणी पुरविण्यास पुरेल एवढी रक्कम अनामत घ्यावी. दिवाळें निघाल्यावर मागण्यांत अर्थ नाहीं, हें मिटेनीनें दाखविलें आहे. आणि अनामतीवर जो खर्च होईल तो जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यास असावा. शेतकऱ्याकडे चार रुपये शेतसारा राहिला तर तलाठी दारांत उभा राहत असे. सरकारच्या दुसऱ्या कित्येक देण्यांस हाच मार्ग खुला आहे. मग पाणी नासविणाऱ्यासच दिवाणी दाव्याची लांबलचक सवलत कशासाठीं? १९६६ च्या जमीन महसूल संहितेची चौकट तयार आहे, तींत हें देणें बसविण्यास विधिमंडळाची इच्छा मात्र पाहिजे.

तोंवर सरकारची वाट न पाहतां होण्यासारखें एक काम आहे. गांव नमुना बारामध्यें जशी दरसालची पीकपाहणी असते, तशी वसाहतीलगतच्या गांवांनीं आपल्या विहिरींची पाणीपाहणी लिहून ठेवावी: गट नंबर, विहिरीची खोली, तारीख, आणि प्रयोगशाळेचा दाखला. ही तपासणी महाग आहे, एका शेतकऱ्यास परवडणार नाहीं. परंतु दहा-बारा गांवांनीं मिळून वर्गणी केली व वसाहतीच्या चढाची एक, उताराच्या दोन, आणि ओढ्याकांठची एक अशा चारच विहिरी निवडल्या, तर आरंभास पुरे. नमुना घेण्यांत मात्र हयगय नको. पंप थोडा वेळ चालू ठेवून मग पाणी धरावें. बाटली काचेची नको, प्रयोगशाळेनें दिलेली पॉलिप्रॉपिलीनची घ्यावी, व तिच्या बुचास टेफ्लॉनचें अस्तर नाहीं ना तें पाहावें. भरणारानें पावसाळी कोट अंगावर घालूं नये, त्याच्या कापडांतही हींच द्रव्यें असतात. बाटल्या दोन भराव्या, दोन पंचांच्या सह्यांचा पंचनामा करावा, एक बाटली बर्फाच्या पेटींतून त्याच दिवशीं प्रयोगशाळेकडे रवाना करावी, आणि दुसरी मोहोर लावून ग्रामपंचायतीच्या ताब्यांत थंड ठेवावी.